गुरुवारची ड्यूटी

सारी-जोल, १३ एप्रिल २००४

ती. काल्बू एजे यांना,
बुरुलचा सलाम वि. वि.

तुमचं पत्र आणि वाळल्या दह्याच्या कुरुतची पिशवी मिनीबसवाल्यानं शनिवारी घरी आणून दिली. पिशवीला तुम्ही अशी गाठ मारली होती की मीरगुलनं शेवटी ती दातांनी सोडवली. ती बरी आहे. सातवीची परीक्षा तोंडावर आली आहे, पण अभ्यासापेक्षा तिचं लक्ष तुमच्या कोकरांकडे जास्त आहे. किती झाली, कोणत्या रंगाची झाली, सगळं लिहायला सांगितलं आहे. तुमच्या गुडघ्यांसाठी मलम पाठवते आहे. ते नुसतं चोळून लावायचं. मागच्या वेळी तुम्ही ते मेंढीच्या चरबीत कालवलंत असं ऐकलं.

एक गोष्ट दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी मीच सांगते.

मीरगुलच्या वडिलांचा चाळिसावा दिवस झाल्यावर मी रुग्णालयात परत गेले तेव्हा जुन्या मोठ्या डॉक्टरीणबाईंशी काय ठरलं होतं, ते तुम्हाला माहीत आहे. तुम्ही तेव्हा इथंच होतात. वर्ष भरून आशचं जेवण होईपर्यंत दर गुरुवारी दुपारी बारा वाजता मी सुटायचं, म्हणजे घरी येऊन सात पोळ्या तळता येतील आणि तेलाचा वास तुमच्या भावापर्यंत पोचेल. बदल्यात सगळे रविवार आणि सगळे सण मी घ्यायचे. बाईंनी ते स्वतःच्या हातानं लिहून, शिक्का मारून दिलं. माझी बाजू मी पाळली. नव्या वर्षाला, आठ मार्चला, नोरुजला आणि दोन्ही ईदना मी वॉर्डात होते.

बाई गेल्या महिन्यात निवृत्त झाल्या. त्यांच्या जागी चष्मेवाले बाइके आले आहेत. तुमचे धाकटे चुलतभाऊ, पण माझे थोरले दीर, म्हणून नाव मला घेता येत नाही. लग्न होऊन आले तेव्हा मीच त्यांना हे नाव पाडलं होतं, तुम्ही ओळखालच.

शुक्रवारी त्यांनी नवा तक्ता लावला. त्यात पंधरा तारखेपासून गुरुवारी सकाळी आठ ते शुक्रवारी सकाळी आठ, अशी चोवीस तासांची ड्यूटी माझ्या नावावर आहे. रविवारही तसेच ठेवले आहेत. दोन नर्स रशियाला कामाला गेल्या, माणसं कमी पडतात, हे खरं आहे. मी बाईंचा कागद घेऊन त्यांना भेटायला गेले. त्यांनी चहा मागवला, मीरगुलची चौकशी केली. मग म्हणाले की तो कागद बाईंचा शब्द होता आणि बाई आपला शब्द बरोबर घेऊन गेल्या. घरच्या माणसांत कागद दाखवायचे नसतात, असंही म्हणाले. आणि गेलेल्या माणसाला दुआ कोणत्याही वारी पोचते म्हणे.

मी कागदाची घडी घातली आणि चहा संपवून आले. पण तक्त्याखाली बाकी सगळ्यांच्या सह्या आहेत, माझी नाही. मी सही करणार नाही.

थंडी अजून गेलेली नाही, गुडघे झाकून बसत जा. आमच्यावरची माया अशीच राहू द्या.

तुमची,
बुरुल

*

अक-कीया, २० एप्रिल

चि. बुरुल हिला,
काल्बूचे अनेक आशीर्वाद. मीरगुलच्या दोन्ही गालांचा एकेक पापा.

एकेचाळीस कोकरं झाली म्हणून तिला सांग. एक काळ्या कानांचं आहे, ते आईला सोडून माझ्याच मागं फिरतं. मी चूल पेटवायला बसले की माझ्या पाठीवर पुढचे पाय ठेवून उभं राहतं. नाव काय ठेवायचं ते मीरगुलनं कळवावं. मलम पोचलं. चरबीत कालवलं नाही. म्हणजे थोडंसंच कालवलं.

आता तुझं. तो शेर्गाझी तुझ्यासमोर चष्मा सारखा करून बसला असेल ते मला इथं बसून दिसतं. सहा वर्षांचा होईपर्यंत कुत्रं भुंकलं की तो माझ्या घागऱ्यात तोंड खुपसायचा. पाठीवर घेऊन फिरवलाय मी त्याला. माझा भाऊ केनेश त्याच्याहून दोन वर्षांनी लहान, पण तो एकटा कुत्र्याला दगड मारायला जायचा. असो.

पण बुरुल, माझं ऐक. आहे तसा का होईना, तो आपल्या घरचा आहे आणि तू त्या घरची सून आहेस. केनेशला जाऊन सहा महिने होतात न होतात तोच त्याची बायको थोरल्या दिराशी भांडायला उभी राहिली, असं लोक म्हणतील. तुला म्हणणार नाहीत, मला म्हणतील, की काल्बूनं घरच्या सुनेला काय शिकवलं. सही करून टाक. गुरुवारच्या पोळ्या मी इथं तळते. तो माझा भाऊ, माझ्या हातच्या तेलाचा वास त्याला आधी कळेल. तू तर तेल नेहमीच कमी तापवतेस. तू मंगळवारी तळ, मी गुरुवारी तळते, त्याला आठवड्यातून दोनदा मिळेल. सहा महिन्यांचा तर प्रश्न आहे. तू गप्प स्वभावाची आहेस, ते तुला शोभतं. तशीच राहा.

काळा रुमाल ऊन लागून विटला असेल तर कळव, माझ्याकडे नवा आहे. मायेत अंतर पडू देऊ नकोस.

तुझी,
काल्बू

*

सारी-जोल, ३० एप्रिल

ती. काल्बू एजे यांना,
सलाम वि. वि.

काळ्या कानाच्या कोकराचं नाव मीरगुलनं ‘डॉक्टर’ ठेवलं आहे, कारण ते घागऱ्याला चिकटतं. तुमचं पत्र तिनं आधी वाचलं, त्याला माझा इलाज नव्हता.

तेल मी कमी तापवते हे खरं आहे. पण मंगळवारचं मला जमणार नाही. तुम्ही तिथं जरूर तळा, तुमचा हक्क आहे. ते मात्र या घरातून गेले. वास या घरच्या चुलीतून निघाला पाहिजे.

पंधरा आणि बावीस तारखेला नुरीलानं मला सांभाळून घेतलं. आमच्या वॉर्डातली ही सगळ्यांत लहान नर्स. अकरा महिन्यांचं मूल अंगावर पितं. मूल दोन वर्षांचं होईपर्यंत तिला चोवीस तासांची ड्यूटी द्यायची नाही, असं बाईंनी तिलाही लिहून दिलं होतं. नव्या तक्त्यानं तेही मोडलं. तिची सासू दिवसातून चार वेळा मूल घेऊन फाटकापाशी येते आणि ही अंगावर कोट पांघरून तिथं भिंतीआड उभ्यानं पाजते. तिनं सही केली, कारण नवरा रशियात आहे आणि तीन महिने त्याचा पत्ता नाही. तरी दोन्ही गुरुवारी दुपारी बारा ते संध्याकाळी सात ती माझ्या जागी बसली. मी घरी येऊन पोळ्या तळून परत गेले. कोणाचं इंजेक्शन चुकलं नाही.

बाइकेंना ते कळलं. अदलाबदल बंद म्हणून सांगितलं आणि आम्हा दोघींना लेखी ताकीद दिली. माझी ताकीद देताना म्हणाले की घरच्या माणसाकडून ही अपेक्षा नव्हती. नुरीलाला काही न बोलता कागद दिला.

म्हणून काल मी ड्यूटीवर राहिले. मीरगुलनं शाळेतून येऊन एकटीनं पीठ मळलं आणि सात पोळ्या तळल्या. तीन करपल्या. शेजारच्या आजोबांना बोलावून तिनं कुराण वाचून घेतलं, पोळ्या फडक्याखाली झाकल्या आणि मी येईन म्हणून आठ वाजेपर्यंत फाटकात उभी राहिली. मी येणार नाही हे तिला सांगितलेलं होतं, तरी. आज सकाळी मी घरी आले तेव्हा तिनं फडकं उचलून ताट पुढं केलं. करपलेल्या तीन मी खाल्ल्या.

मी प्रांताच्या कामगार कचेरीत सोळा तारखेलाच अर्ज टाकला होता, हे तुम्हाला आता सांगते. तो परवा परत आला. तक्रार कोणाविरुद्ध, या रकान्यात मी ‘मोठे डॉक्टर’ असं लिहिलं होतं. पूर्ण नाव पाहिजे, आणि चौकशीच्या वेळी सगळ्यांसमोर ते तोंडानंही सांगावं लागेल, असा शेरा आहे. त्याखाली तिथल्या कारकून बाईनं पेन्सिलीनं लिहिलं आहे की मीही कोणाची तरी सून आहे, मला कळतं, पण रकाना रिकामा ठेवता येत नाही.

अर्ज कपाटात ठेवला आहे. नाव घेतलं तर तुमच्या घराचा मान जातो, आणि त्या घरात आता सगळ्यांत मोठ्या तुम्ही आहात. म्हणून तुम्हाला विचारल्याशिवाय तो भरणार नाही. फाडणारही नाही.

तुमच्या उत्तराची वाट बघते. जिव्हाळा आहे तो टिकावा.

तुमची,
बुरुल

*

सारी-जोल, ४ मे

आदरणीय काल्बू एजे यांना,
धाकट्या भावाचा, शेर्गाझीचा, आदरपूर्वक सलाम.

आपली प्रकृती व जनावरे ठीक असतील अशी आशा करतो. कामाच्या रगाड्यात अक-कीयाला येणे जमले नाही, त्याबद्दल क्षमा असावी. केनेशच्या वर्षाच्या आशसाठी एक घोडा मी देणार आहे, हे आपल्याला आजच कळवून ठेवतो. सोबत पिठाचे एक पोते व साखर पाठवली आहे, ती गोड मानून घ्यावी.

आपल्या घरच्या सुनेविषयी दोन शब्द लिहितो. रुग्णालयात मनुष्यबळ अपुरे आहे. मागच्या बाईंनी ज्याला त्याला कागद लिहून देऊन ठेवले आणि आता ते सगळे माझ्यासमोर नाचवले जातात. कुठून तरी सुरुवात करणे भाग होते. सुरुवात घरच्या माणसापासून केली की बाकीचे बोलत नाहीत, हा माझा अनुभव आहे. बुरुलने ते समजून घ्यायला हवे होते. तिने प्रांतात अर्ज केला व तो परत आला, असेही कानावर आले. त्याची मला काळजी नाही. तिच्या तोंडून माझे नाव निघणार नाही हे मला ठाऊक आहे. संस्कार चांगले आहेत, आणि ते श्रेय आपले. परंतु लोकांत चर्चा होते ती बरी दिसत नाही. आपण वडीलकीच्या नात्याने तिला दोन ओळी लिहाव्यात, ही विनंती.

आशीर्वादाचा हात डोक्यावर असू द्यावा.

आपला,
शेर्गाझी

*

अक-कीया, ९ मे

चि. बुरुल हिला,
आशीर्वाद.

सोबत शेर्गाझीचं पत्र जोडलं आहे. तुला पाठव असं त्यानं म्हटलेलं नाही, म्हणून पाठवते.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला बरं वाटलं. घोडा देतो म्हणाला, पीठ पाठवलं, पीठही चांगलं पांढरं आहे. मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं. सुरुवात घरच्या माणसापासून केली की बाकीचे बोलत नाहीत. हे वाक्य माझ्या घशात कोरड्या कुरुतसारखं अडकलं आहे. मेंढ्या हाकताना मी ते चारदा मोठ्यानं म्हणून पाहिलं. दर वेळी आधीपेक्षा वाईट वाटलं.

तरी नावाची गोष्ट लहान नाही, हे तूही जाणतेस. शेर्गाझीच्या बापाचं नाव तेमिर, म्हणजे लोखंड. माझ्या आईचे ते थोरले दीर. म्हणून आई जन्मभर कढईला ‘ती काळी जड’ म्हणायची आणि खिळ्याला ‘तो टोचरा’. एकदा घोड्याचा नाल हरवला, तर ‘घोड्याचा जोडा’ शोधा म्हणून आम्हाला अंगणभर फिरवलं तिनं. मरतानासुद्धा तिनं ते नाव घेतलं नाही. आणि तू प्रांताच्या माणसांसमोर घेणार?

मला एक खरं सांग. पंधरा वर्षं तू या घरात आहेस. मी ओरडले तरी हं म्हणतेस, सासऱ्यांनी चहा परत पाठवला तरी हं म्हणायचीस. केनेश हसून म्हणायचा की बायको कुठं आहे ते मला चहाच्या वाफेवरून कळतं. असं माणूस एका वारासाठी एवढं अडून बसतं, ते नुसतं पोळ्यांसाठी नसतं. पोळ्या मीही तळते. गुरुवारचं काय आहे? नीट सांग. मग मी काय ते सांगते.

पिठाच्या पोत्याला अजून हात लावलेला नाही.

मायेनं,
काल्बू

*

सारी-जोल, १६ मे

ती. काल्बू एजे यांना,
सलाम वि. वि.

तुमचा भाऊ गेला तो दिवस गुरुवार होता, हे तुम्हाला माहीत आहे. त्या दिवशी माझी ड्यूटी नव्हती, हे तुम्हाला माहीत नाही.

सकाळी साडेसातला रुग्णालयातून फोन आला. तक्ता बदलला आहे, कोणीतरी आलं नाही, तुम्ही या. मी हो म्हटलं. मी नेहमीच हो म्हणत असे. ते चहा पीत होते. म्हणाले की काल लाकडं फोडल्यापासून डावा हात जड झाला आहे. मी एका हातानं रुमाल बांधत होते, दुसऱ्या हातानं त्यांची नाडी पाहिली. पूर्ण मिनिटही पाहिली नाही. आज लाकडांना हात लावू नका, पडून राहा, असं सांगितलं. ते म्हणाले, जा, तिथं लोक वाट बघत असतील.

शेजारच्या आजोबांना ते दुपारी अंगणात सापडले. मला निरोप मिळाला तेव्हा मी एका अनोळखी माणसाला गरम पाण्याची पिशवी देत होते. पिशवीचं बूच नीट लावून मगच आले, ते आठवतं.

तुम्ही अक-कीयाहून पोचल्यावर विचारलंत की तू कुठं होतीस. मी म्हटलं, ड्यूटीवर. तुम्ही माझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हणालात की कामाला कोण काय करणार. तुम्हाला वाटलं, माझी ठरलेली ड्यूटी होती. मी तसं वाटू दिलं. खोटं सांगितलं नाही, पण सगळंही सांगितलं नाही. सात महिने झाले.

मी घरी असते तर ते वाचले असते, असं मी म्हणत नाही. ते मला माहीत नाही. नर्स आहे, तरी माहीत नाही. पण ते एकटे अंगणात पडले नसते, एवढं माहीत आहे.

फोन कोणी आणि का केला, ते बाईंना माहीत होतं. त्यांनी मला काही विचारलं नाही. चाळिसाव्यानंतर मी गेले तेव्हा फक्त कागद पुढं ओढला आणि म्हणाल्या की काय हवं ते सांग. मी गुरुवार मागितला. वर्षभर गुरुवारी मला या घरात असायचं आहे. पोळ्या त्यात आल्या, पण तुम्ही म्हणता ते बरोबर आहे, नुसत्या पोळ्या नाहीत. तक्ता बदलला म्हणून मी एकदा या दारातून बाहेर पडले. अर्जाचं ठरेपर्यंत गुरुवारी जाते आहे, त्यानंतर पुन्हा पडणार नाही.

हे वाचून तुम्हाला माझा राग आला तर तो मी सोसेन. मग नावाबद्दल काय सांगाल तेही ऐकेन.

मीरगुलची परीक्षा चांगली चालली आहे.

तुमची,
बुरुल

*

अक-कीया, २३ मे

बुरुल,

दोन दिवस मी कोणाशी बोलले नाही. मेंढ्यांशीसुद्धा नाही.

पहिला अर्धा दिवस तुझा राग आला. नाडी पूर्ण मिनिट का पाहिली नाहीस, म्हणून. मग माझाच आला. केनेशचा हात दुखतो हे मलाही माहीत होतं. त्यानं आदल्या आठवड्यात इथून लोकर नेली तेव्हा सांगितलं होतं, आणि मी त्याला बायकांसारखा कण्हतोस म्हणून चिडवलं होतं. हे मीही कोणाला सांगितलं नव्हतं. आता झालं दोघींचं.

पिठाचं पोतं आणि साखर त्याच मिनीबसनं परत पाठवली आहे. निरोप काही दिला नाही. पोत्याला गाठ मात्र मी माझ्या हातानं मारली आहे, सोडवेल दातांनी.

आता ऐक. या घरात आई नाही, वडील नाहीत, केनेश नाही. मोठी मी. म्हणून मी सांगते, नाव घे. रकान्यात लिही आणि मोठ्यानं म्हण. बापाच्या नावासकट म्हण, आईनं जन्मभर कढईला काही म्हटलं असेल तरी. जीभ वळत नसेल तर आधी अंगणात म्हणून बघ. आणि कोणी विचारलंच की सुनेला हे कोणी शिकवलं, तर काल्बूनं, असं सांग. नाही विचारलं तरी सांग.

पुढच्या आठवड्यात आम्ही जाइलोवर, उन्हाळी कुरणावर, निघू. घोडीच्या दुधाचं कुमीस यंदा लवकर उतरेल असं दिसतं. परीक्षा संपली की मीरगुलला पाठव, तो डॉक्टर नावाचा गाढव तिच्या ताब्यात देते.

मी तुझ्यावर रुसलेले नाही. हे दोनदा वाच.

काल्बू

*

सारी-जोल, ४ जून

ती. काल्बू एजे यांना,
सलाम वि. वि.

मीरगुल रविवारच्या मिनीबसनं निघते आहे, हे पत्र तिच्याच हातात देते. ती वाटेत उघडून वाचेल, तर वाचू दे.

रकान्यात नाव लिहून अर्ज पाठवला होता, त्याची चौकशी परवा बुधवारी झाली, रुग्णालयाच्या जेवणघरात. प्रांताहून एक बाई आल्या होत्या, आखूड केसांच्या, पायात चिखलाचे बूट. सगळे जमले होते, स्वयंपाकी आणि झाडणाऱ्या बायकाही. बाइके पहिल्या रांगेत, नवा इस्त्रीचा कोट घालून बसले होते. बाईंनी मला उभं राहायला सांगितलं आणि विचारलं की ठरलेला तक्ता कोणी बदलला.

अंगणात मी म्हणून पाहिलं होतं, कोंबड्यांसमोर. जमलं होतं. तिथं उभी राहिले तेव्हा जीभ टाळूला चिकटली. खुर्चीची पाठ धरली आणि म्हटलं, शेर्गाझी तेमिरोव. आवाज वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. स्वयंपाकीणबाईंनी स्वतःचे दोन्ही गाल चिमटीत धरले. मागून कोणीतरी तोबा तोबा म्हटलं. बाइकेंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग माझ्याकडे न बघता हळू आवाजात म्हणाले की सुनेनं आता खाली बसावं. प्रांताच्या बाई कागद चाळत म्हणाल्या की सून हे पद या तक्त्यात कुठं आहे, मला तर सापडत नाही. हसू आवरायला दोन झाडणाऱ्या बायका बाहेर गेल्या.

मी बसले नाही. जुन्या बाईंचा कागद वाचून दाखवला. काम टाळत नाही, रविवार आणि सण घेतले आहेत आणि पुढंही घेईन, पण दोघांनी मिळून ठरवलेलं एकानं मोडायचं नाही, एवढं बोलले. त्याहून जास्त बोलता आलं नाही. मग नुरीला उठून उभी राहिली. तिच्यामागून वॉर्डातल्या आणखी दोघी. कोणी विचारलं नव्हतं, तरी मी सांगितलं की नाव घ्यायला मला काल्बू एजेंनी शिकवलं आहे. ते ऐकून मात्र बाइकेंची मान खाली गेली.

बाईंनी सगळं लिहून घेतलं. लेखी निकाल यायला महिना लागेल म्हणाल्या.

त्या गेल्यावर बाइकेंनी मला बोलावलं. चहा नव्हता. म्हणाले की तुझा गुरुवार तू घे, घरातली गोष्ट म्हणून देतो, कागद नको. पण नुरीला आणि बाकीच्यांचं यात आणायचं नाही. मी म्हटलं की घरातली गोष्ट म्हणून नको. कागदावर द्या आणि चौघींना द्या. ते म्हणाले की मग उद्याची चोवीस तासांची ड्यूटी तुझीच आहे. मी बरं म्हटलं.

काल सकाळी आठला कामावर गेले. बारा वाजेपर्यंत सगळं केलं. मग औषधांच्या कपाटाची किल्ली, नोंदवही आणि एक चिठ्ठी घेऊन त्यांच्या खोलीत गेले. चिठ्ठीत लिहिलं होतं: दोन नंबरची सलाईन पाऊण वाजता संपेल. सहा नंबरच्या आजींना चार वाजता इन्सुलिन. नऊ नंबरचे आजोबा गोळी घेतली म्हणतात आणि उशीखाली ठेवतात. मी त्यांना सांगितलं की रुग्णांना वाऱ्यावर सोडून मी जात नाही, त्यांना तुमच्या हवाली करते आहे. या घडीला आमच्या मजल्यावर ही किल्ली सांभाळायचा अधिकार दोघांनाच आहे, मला आणि तुम्हाला. त्यांनी विचारलं, काही झालं तर जबाबदार कोण. मी नोंदवही उघडली आणि ‘ताब्यात घेणार’ या जागी त्यांचं नाव लिहून वही त्यांच्याकडे फिरवली. त्यांनी त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. मला वाटलं आता ओरडतील. पण ते शेवटी डॉक्टर आहेत. त्यांनी विचारलं की उशीच्या कोणत्या बाजूला. उजव्या, मी म्हटलं. त्यांनी किल्ली घेतली.

साडेबाराला मी घरी होते. मीरगुलनं पीठ मळून ठेवलं होतं. सातही पोळ्या नीट झाल्या. तिनं दार उघडं धरलं, वारा घरातून बाहेर जात होता. आजोबांनी वाचन केलं आणि दोन पोळ्या जास्तीच्या बांधून नेल्या. मग मी अंगणात, जिथं लाकडं रचतो तिथं, संध्याकाळपर्यंत बसून होते. फार काही मनात आणलं नाही. नुसती घरी होते.

आज सकाळी वॉर्डात गेले. नोंदवहीत रात्रभराच्या नोंदी त्यांच्या अक्षरात आहेत. वाचायला त्रास होतो, पण एकही राहिलेली नाही. सहा नंबरच्या आजी म्हणाल्या की तो चष्मेवाला सुई टोचताना माझ्यापेक्षा जास्त घाबरला होता.

भिंतीवरचा तक्ता त्यांनी काढला आहे. नवा लावलेला नाही. म्हणून आम्ही चौघींनी दुपारी बसून एक केला. नुरीलाला चोवीस तासांची ड्यूटी नाही, आणि ज्याचं जे ठरलं होतं ते तसंच ठेवलं. माणसं कमी आहेत हे खरंच आहे, म्हणून एक जागा रिकामी राहिली, गुरुवार दुपार ते शुक्रवार सकाळ. तिथं मी शेर्गाझी तेमिरोव असं लिहिलं. चौघींनी खाली सह्या केल्या आणि तक्ता त्यांच्या टेबलावर ठेवून आलो.

त्यांची सही अजून झालेली नाही. झाली नाही तरी येत्या गुरुवारी बारा वाजता मी निघणार आहे.

मीरगुलला फार लाडावू नका. आणि माझ्यावरची माया आहे तेवढी राहू द्या, मला ती पुरते.

तुमची,
बुरुल